ग्रुपवर टाकलंय की!

मंडळी, आज मी भांडायला बसले आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही (नातेवाईकांनी उगाच एकमेकांना फोन करून "हे माझ्यावरच लिहिलंय का गं?" असं विचारू नये), भांडण एका वाक्याशी आहे. घराण्याचे जुने कागद, फोटो, वंशावळ यांच्या प्रती काढून ठेवा असं मी म्हटलं, की समोरून हमखास येतं, "अहो, ग्रुपवर टाकलंय की!" या वाक्याला भावंडंही आहेत. "सगळं गूगलवर आहे." "मुलाने क्लाऊडवर ठेवलंय." "माझ्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित आहे, काळजी नको." म्हणणाऱ्याला ही वाक्यं मनापासून खरी वाटतात, म्हणूनच ती धोक्याची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. जी प्रत दुसऱ्या माणसाच्या घरी आहे आणि त्या माणसाने ती एकदा तरी उघडून वाचून पाहिली आहे, तिलाच मी प्रत म्हणते. बाकी सगळं मनाचं समाधान.

आमच्या नात्यात ठाण्याला एक गृहस्थ होते. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्यांनी घराण्याची वंशावळ जमवली. कोकणातल्या मूळ गावी कितीदा तरी जाऊन आले, देवस्थानच्या वह्या चाळल्या, जमिनीचे जुने फेरफार काढले, बडोद्याला आणि इंदूरला गेलेल्या शाखा पत्रं लिहून लिहून शोधल्या. लग्नाकार्यात भेटले की कोपऱ्यात बसवून तासभर सांगत, आणि सांगणं इतकं रंगायचं की जेवणाची पंगत उठून जायची. पण प्रत मागितली की उत्तर ठरलेलं. "अजून पूर्ण झालेलं नाही. पूर्ण झालं की छापूच."

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गेले. कॉम्प्युटरचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता. दीड वर्ष तो कोपऱ्यात धूळ खात पडला आणि घर रंगवायला काढलं तेव्हा जुन्या टीव्हीबरोबर भंगारवाल्याकडे गेला. मी मुलांना दोष देत नाही. त्यांच्या दृष्टीने तो एक बंद पडलेला डबा होता, आणि त्या दिवसांत त्यांच्यावर काय गुदरलं होतं ते मी पाहिलंय. पण नंतर नात्यात सगळीकडे जी हळहळ सुरू झाली, "अरेरे, काकांचं सगळं काम गेलं हो", त्या 'गेलं' शब्दाचा मला राग येतो. गेलं कसं म्हणता? ते कधी कुणाकडे आलंच नव्हतं.

"पूर्ण झालं की देतो" हे वाक्य म्हणजे "ग्रुपवर टाकलंय"चं थोरलं भावंड. वंशावळ कधी पूर्ण होते का हो? परवाच आमच्या पुतण्याला मुलगी झाली, झाली वंशावळ अपूर्ण! अपूर्ण, खाडाखोड केलेली, प्रश्नचिन्हं असलेली प्रतच वाटायची असते. कुणीतरी सांगतं, "अहो, हे दोन विनायक वेगळे, एक चुलता आणि एक पुतण्या", आणि तिथेच ती सुधारते.

दुसरा प्रकार असतो "फुटेल" म्हणणाऱ्यांचा. कुणीतरी आपल्या नावावर छापेल, आपलं श्रेय जाईल ही भीती. छापू दे की! छापलेलं पुस्तक दहा घरांत जाईल. वि. का. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडत, तेव्हा कागद नुसते दाखवायलाही लोक तयार होत नसत, आणि तीच दप्तरं पुढे वाळवीच्या आणि वाण्याच्या तोंडी जात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड राजवाड्यांनी काढले, म्हणून तेवढं तरी शेकडो ग्रंथालयांत पोचलं. इथे शेजारी मिरजेला वासुदेवशास्त्री खरे होते. माझ्यासारखेच शाळामास्तर. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून भागामागून भाग छापली. या लोकांना बॅकअप हा शब्द ठाऊक नव्हता, पण एका ठिकाणचं चार ठिकाणी गेलं की वाचतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे नुसतं विद्वानांनाच कळत होतं असंही नाही. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशीला, गयेला गेलं की तीर्थोपाध्याय विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय, आणि मग वही काढून तुमच्या खापरपणजोबांची सही दाखवतात. ही काय व्यवस्था आहे बघा. आपल्या घराण्याची माहिती घरापासून शेकडो कोस लांब, परक्या माणसाच्या कपाटात, आणि दर पिढीने जाऊन तिच्यात भर घालायची. घराला आग लागो, गाव उठो, वही तिकडे सुरक्षित. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म तर अमेरिकेत युटाच्या वंशावळ संस्थेने करून नेल्या आहेत, म्हणजे प्रतीचीही प्रत झाली. आणि आपण, घरात चार चार फोन असलेले, म्हणतो "माझ्या कॉम्प्युटरवर आहे".

बरं, आता क्लाऊडकडे वळते, कारण इथे माझा पुतण्या दबा धरून बसलेला आहे. (बाळा, वाचतोयस ना?) त्याचं म्हणणं, "काकू, क्लाऊडवर टाका, विषय संपला." विषय संपत नाही. क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर माझ्या नावाने भाड्याने घेतलेली खोली. भाडं दिलं नाही, किंवा मालकाने धंदा बदलला, की सामान बाहेर. आपल्यातल्या कित्येक घराण्यांच्या मंडळींनी पूर्वी याहू ग्रुप्सवर फाईली ठेवल्या होत्या. त्या आधी काढून टाकल्या गेल्या आणि २०२० च्या डिसेंबरात ग्रुप्सच कायमचे बंद झाले. जिओसिटीजवर कुणी कुणी हौसेने घराण्याची पानं बनवली होती, ती २००९ मध्ये गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगलवर फोटो कितीही फुकट ठेवा म्हणत होते, ते १ जून २०२१ पासून थांबलं. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्यांचं दुकान आहे, त्यांनी उघडावं, त्यांनी बंद करावं. दुकानाला घर समजणं ही आपली हौस.

आणि माझ्या वयाच्या माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाचं ऐका. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते आतल्या सगळ्या सामानासकट पुसायचा अधिकार कंपनीने घेतलेला आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तसं पुसायला सुरुवातही झाली आहे. मी गेल्यावर मुलं पहिलं वर्ष वर्षश्राद्धापर्यंत काढतील, दुसरं वर्ष "आईच्या फाईली एकदा बघायला हव्यात" म्हणण्यात जाईल. तोवर माझा मोबाईल नंबरही बंद झालेला असेल आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळालेला असेल. म्हणजे खातं उघडायचा तो सहा आकडी कोड कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार! गूगलमध्येच एक सोय आहे, तुमचं खातं अमुक महिने वापरलं गेलं नाही तर ठरावीक माणसांना कळवायचं आणि त्यांना सामान उतरवून घेऊ द्यायचं. किती जणांनी ती चालू केली आहे? हात वर करा. मला वर्ग दिसतोय, हात फार नाहीत.

पुतण्याचा आणखी एक मुद्दा. "काकू, सामाईक फोल्डर केलाय ना, तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप येतो." येतो खरा. आणि एकाने "जागा भरली" म्हणून काही पुसलं की सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून आपोआप जातोही. गूगल ड्राईव्हच्या कचऱ्याच्या डब्यात ते तीस दिवस राहतं. आपल्या नात्यात साध्या लग्नपत्रिकेतली नावाची चूक तीन महिन्यांनी लक्षात येते, तिथे वंशावळीतली एक शाखा गायब झालेली तीस दिवसांत कोण बघणार आहे? सगळीकडे सारखं दिसणं वेगळं आणि जुनं जसं होतं तसं राहणं वेगळं. शाळेत फळ्यावर लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, पण मॉनिटरने फडका फिरवला की ज्याने वहीत उतरवून घेतलं त्याच्याचकडे राहतं.

व्हॉट्सॅपबद्दल फार लिहीत नाही. तिथे नेहमीच्या पद्धतीने टाकलेला फोटो लहान होऊन जातो. पणजीच्या नऊवारीचा काठ, फोटोच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात छापलेलं स्टुडिओचं नाव, मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख, म्हणजे ज्यावरून फोटोचं साल काढायचं तेच नेमकं पुसट होतं. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. आणि ग्रुपवर त्या फोटोच्या वर दिवसभरात चाळीस 'शुभ सकाळ' येऊन बसतात ते वेगळंच.

सांगलीत राहणाऱ्या माणसाला घराबाहेरच्या प्रतीचं महत्त्व खरं तर सांगायला लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. २००५ चा पूर पाहिलेल्यांना वाटलं होतं की त्या खुणेपर्यंत येईल आणि थांबेल. ते त्याच्याही वर गेलं. गावभागात आमच्या ओळखीचं एक घर आहे, फार नीटनेटकी माणसं. त्यांनी मूळ मोडी कागद, त्यांचे स्कॅन केलेले प्रिंट, सीडी आणि बाहेरची हार्डडिस्क असं सगळं जपून ठेवलं होतं. एकाच लोखंडी कपाटात, खालच्या मजल्यावर! चार प्रकारच्या प्रती आणि पाणी एकच. उतरल्यावर कपाट उघडलं तर हार्डडिस्कमधून चिखल आला, इंकजेटचे प्रिंट निळ्या-गुलाबी डागांत विरघळून गेले होते, आणि वाचता येण्यासारखं काय उरलं होतं? मोडी कागद. काजळाच्या शाईने लिहिलेले. सावलीत एकेक सुटा करून वाळवले, कडा गेल्या, पण अक्षर राहिलं. फोटोग्राफर मंडळींत एक साधा नियम रूढ आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. या घरात नियमाचा पहिला भाग पाळला होता, दुसराही पाळला होता. तिसऱ्याने घात केला.

आता मराठी माणसाचं खास दुखणं, ज्याबद्दल इंग्रजीतली बॅकअपची पुस्तकं आपल्याला काही सांगत नाहीत. माझ्या माहेरच्या मंडळींनी १९९० च्या दशकात एक स्मरणिका काढली होती. डीटीपीवाल्याकडून पेजमेकरमध्ये जुळवून घेतलेली. मामेभावाने तिची फाईल इतकी निगुतीने सांभाळली की विचारू नका. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राईव्हवर. गेल्या वर्षी उघडली तर पानभर रोमन अक्षरांचे तुकडे, ठिपके आणि उलटी प्रश्नचिन्हं. फाईलला काहीही झालेलं नाही, एक अक्षर इकडचं तिकडे नाही! पण त्या काळचे मराठी फाँट ज्याचे त्याचे होते, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले. तो फाँट कॉम्प्युटरवर नसला की सगळं गेलं. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे टाईप झालेल्या बहुतेक मजकुराची हीच गत आहे. बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी राहून जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, जोडाक्षरं सुटतात. गोष्टीच्या पुस्तकात वाचणारा अंदाजाने वाचून घेतो. नावांच्या यादीत अंदाज करायचा नसतो.

म्हणजे मोडीचं झालं तेच. कागद आहे, वाचणारा नाही. फरक एवढाच की मोडीला ती वेळ यायला दोन-तीन पिढ्या लागल्या आणि आपल्या फाँटला पंचवीस वर्षंही लागली नाहीत. पीडीएफवर विसंबणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. जुन्या फाँटमधली पीडीएफ दिसायला सुंदर दिसते, पण त्यात एखादं नाव शोधायला जा, सापडणार नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तेच ठिपके. म्हणून मी आता वंशावळीच्या प्रोग्रामवरही एकट्यावर विसंबत नाही. मी ग्रॅम्प्स वापरते, फुकट आहे आणि चांगलं आहे. पण दर खेपेला त्यातली माहिती गेडकॉम नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढून घेते, आणि तीच युनिकोडमध्ये वाक्यावाक्याने लिहिलेलीही ठेवते. 'अमुक यांना तीन मुलगे, दोन मुली, थोरली तमुक गावी दिली', असं. उद्या कोणताही प्रोग्राम राहिला नाही तरी हे वाचता येईल.

आणि कशाची प्रत आधी काढायची यातही आपली अक्कल कमी पडते. लग्नाच्या चार तासांच्या व्हिडिओची प्रत सगळ्यांकडे असते. सातबारा सरकारकडे आहे, मूळ कागद तिथे मिळतो. माझ्या आत्याचं बोलणं कुठे मिळेल? ती नव्वदीत असताना तिच्या नातवाने तिला बोलतं करून दोन कॅसेटी भरल्या होत्या. तिने त्यात सांगितलंय की वंशावळीत ज्या दोन बायका दिसतात, यमुना आणि लक्ष्मी, आणि ज्यामुळे सगळे समजत होते की थोरल्या काकांची दोन लग्नं झाली, ती एकच बाई. माहेरची यमुना, सासरी नाव बदलून लक्ष्मी. हे कुठल्याही दप्तरात नाही. जुन्या वंशावळींत मुलींच्या जागी नुसतं 'कन्या २' लिहून मोकळे झालेले आहेत, सुनांची माहेरं नाहीत. अर्ध्या घराण्याचा इतिहास म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी होता, आणि तो ज्या फिती, वह्या, पोस्टकार्डांवर उतरला त्यांची बहुतेक ठिकाणी एकच प्रत असते. कुठल्या तरी ट्रंकेत, नाहीतर कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये. त्या आधी वाचवा. सत्यनारायणाचे फोटो नंतर.

"तुमच्यानंतर कोण बघणार आहे हे सगळं?" असंही एकाने मला विचारलं. प्रश्न कुत्सित होता, पण उत्तर देते. कोण बघणार हे मला माहीत नाही, म्हणूनच अनेकांकडे ठेवायचं. ज्याला गोडी लागणार आहे तो आज कदाचित तिसरीत असेल आणि कुणाच्या घरात असेल ते आज कळत नाही. चाळीस वर्षं शिकवताना मला एकदाही आधी ओळखता आलं नाही की बाकावरचं कोणतं पोर पुढे कशात रमणार आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, मोबाईल नंबर, पत्ते असे सगळीकडे वाटू नयेत. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव ही आजकाल बँकेच्या प्रश्नांची उत्तरं असतात. वाटायच्या प्रतीतून हयात माणसांचा तपशील गाळायची सोय ग्रॅम्प्समध्ये आहे, मी ती वापरते. "फुटेल" म्हणणाऱ्यांचा एवढा मुद्दा मी घेतला. बाकीचा नाही.

तर, यंदा मी सात पाकिटं केली आहेत. प्रत्येकात एक पेनड्राईव्ह, लेझर प्रिंटरवर छापलेली वंशावळ (इंकजेट नको, पुराची गोष्ट वर सांगितलीच), आत्याच्या कॅसेटींचं ऐकून उतरवलेलं बोलणं, आणि एक कागद, कोणती फाईल कशी उघडायची ते मराठीत लिहिलेला. प्रत्येक फाईलच्या नावात तारीख आहे. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' असली नावं नाहीत. पेनड्राईव्ह वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर त्यातलं विरू शकतं, म्हणून दरवर्षी एकदा लावून बघायचा, आणि दिवाळीत मी नवीन पाठवीन तेव्हा जुना परत करायचा नाही, तोही ठेवायचा.

कोल्हापूरच्या धाकट्या जाऊबाई, साताऱ्याची वहिनी, बडोद्याचा भाचा, न्यू जर्सीची पुतणी, पुण्याचा मामेभाऊ आणि कुरकुर करत का होईना क्लाऊडवाला पुतण्या, या सहा जणांची पाकिटं गेली. नुसतं 'मिळालं' आणि हात जोडल्याचं चित्र पाठवलं तर चालणार नाही. वही तपासल्याशिवाय गृहपाठ झाला असं मी कधी मानलेलं नाही. प्रत्येकाने फाईल उघडून मला कळवायचं आहे की आत्याच्या दुसऱ्या कॅसेटीत शेवटी कुणाचं नाव येतं. आत्तापर्यंत दोघांची उत्तरं आली आहेत, त्यातलं एक चुकलंय, म्हणजे पहिलीच कॅसेट ऐकलेली दिसते.

नागपूरच्या वन्संचं पाकीट अजून माझ्याकडेच आहे. ते कुरिअरने पाठवायचं नाही, कारण त्यांच्याकडे बसून एकदा उघडून दाखवायला माणूस हवा. सांगली-मिरजेहून महिनाभरात नागपूरला कुणी जाणार असेल तर कळवा, पाकीट घरपोच आणून देईन.